आईच्या वाट्याचे पंख

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कोंबडीला पंख दोनच असतात. तंगड्याही दोनच असतात. पण घरात पाच माणसं खाणारी असली, की तंगडी कुणाच्या ताटात पडायची आणि पंख कुणाच्या, हे कोंबडी शिजायच्या आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडे हा कायदा कुठे लिहून ठेवलेला नाही. पळीला तो पाठ आहे. एक तंगडी बाबांची, कारण ते मार्केट यार्डात दिवसभर हळदीची पोती उचलतात. दुसरी धाकट्या भावाची, कारण तो वाढीला लागलाय. कलेजी आजीची, कारण आजीला दात नाहीत. छातीचे तुकडे माझे, कारण हाडं चोखत बसायला मला वेळ नसतो. आणि मान, पाठ, पंख आईचे. इथं मात्र कारण वेगळ्या जातीचं आहे. आईला म्हणे पंख आवडतात.

सूर्य पूर्वेला उगवतो, हळद सांगलीला विकते आणि आईला पंख आवडतात. लहानपणापासून ही तीन सत्यं मी एकाच सुरात ऐकत आले.

वार्षिक अंकात कथा असतात, कविता असतात, सहलीची वर्णनं असतात. त्यात ओव्हनमध्ये कोंबडीचे पंख कुरकुरीत कसे भाजावेत हा विषय पाहून आमच्या प्राध्यापकांच्या भुवया थोड्या वर जातील. मुलींनी पाककृतीच लिहाव्यात का, असंही कुणी म्हणेल. पण गेल्या वर्षभरात अर्थशास्त्राच्या पुस्तकाइतकंच मला या पंखांनी शिकवलं. म्हणून हे धाडस.

आधी पंख म्हणजे काय ते सांगते. कोंबडीचा पंख आपल्या हातासारखाच असतो. खांद्यापासून कोपरापर्यंत एका हाडाचा दंड, कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडांचा चपटा भाग, आणि पुढे बोटांसारखं निमुळतं टोक. मांस थोडं, हाडं आणि कातडी फार. आपल्याकडच्या दुकानात कोंबडीची कातडी पिसांसकट ओढून काढतात. पंखावर मात्र ती अर्धीमुर्धी चिकटून राहते. असा पंख रश्श्यात शिजला, की कातडी ओल्या फडक्यासारखी लोंबते. ज्याला दुसरं काही मिळण्यासारखं आहे, तो सहसा पंखाच्या वाटेला जात नाही.

या पंखांचं नशीब पालटलं ते दूर अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो नावाच्या शहरात. तिथंही एके काळी पंख म्हणजे सुपाच्या पातेल्यात टाकायची वस्तू होती. १९६४ साली तिथल्या अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो या बाईंनी पंख तेलात खरपूस तळले, तिखट सॉस आणि लोण्यात घोळवले आणि रात्री उशिरा आलेल्या भुकेल्या मुलांपुढे ठेवले, असं सांगतात. त्याच शहरात त्याच दशकात जॉन यंग नावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ अख्खे पंख पिठात घोळवून, तळून, आपल्या खास सॉसबरोबर विकत होते. आधी कुणी केलं यावर तिथं अजून वाद आहे. १९७७ मध्ये बफेलो शहरानं २९ जुलै हा दिवस पंखांचा दिवस म्हणून जाहीर केला. मात्र जगभर नाव झालं ते अँकर बारचं. जॉन यंग यांचं नाव पुष्कळ वर्षं मागे राहिलं. पदार्थ वाढून झाल्यावर श्रेयाचीही वाटणी होते, आणि तिथंही कुणाच्या वाट्याला तंगडी येते, कुणाच्या वाट्याला पंख.

पुढची गोष्ट अर्थशास्त्राची. आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० सालच्या ग्रंथात संयुक्त पुरवठ्याचा विचार आहे. गहू पिकवला की काड आपोआप मिळतं. नुसतं काड हवं म्हणून कुणी गहू पेरत नाही. पंखांचं तसंच. मागणी कितीही वाढली तरी एका कोंबडीला पंख दोनच. त्यामुळे अमेरिकेत पंखांचं वेड वाढलं तेव्हा काही वर्षी ते बिनहाडाच्या छातीपेक्षाही महाग झाले. २०२५ साली तिथल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दोन-तीन दिवसांत सुमारे १४७ कोटी पंख फस्त होतील, असा कोंबडी-उत्पादकांच्या संघटनेचा अंदाज होता. हा आकडा वाचला तेव्हा मी वहीच्या कोपऱ्यात लिहिलं : वस्तू तीच, किंमत खाणाऱ्यावर ठरते.

आता ओव्हन आमच्या घरी कसा आला ते. आई तीन घरी स्वयंपाकाला जाते. त्यांतल्या एका घरच्या काकू २०२४ च्या दिवाळीनंतर कायमच्या मुलाकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी आपला लहान ओव्हन आईला दिला. आजीनं त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि "ह्यो विजेचा पिंजरा कशाला आणलाय?" असं विचारून त्याचं नामकरण केलं. बाबांनी पाठीमागची पट्टी वाचली : पंधराशे वॅट. म्हणजे सलग तासभर तापला तर दीड युनिट. बाबा सातवी शिकलेत, पण युनिटांचा हिशेब त्यांच्याइतका पक्का आमच्या वर्गात कुणाचा नसेल. शिवाय घरातले सगळे प्लग साधे, पंखा आणि मोबाइलपुरते. त्यात ओव्हन लावला तर वायर तापायची. त्यामुळे पहिले तीन-चार महिने त्या पिंजऱ्यात पापड आणि शेवयांचे डबे सुखानं राहत होते. शेवटी माझ्या शिकवणीच्या पैशांतून वायरमनला बोलावून जाड वायर ओढून घेतली आणि सोळा अँपिअरचा मोठा प्लग बसवला. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात चूल, गॅस आणि वीज असे तीन अग्नी झाले.

ओव्हनमध्ये काय करायचं याचा शोध घेताना पंखांची ही सगळी हकिकत वाचनात आली. घरी तळायचं म्हणजे कढईभर तेल लागतं, आणि आमच्याकडे तेलाचा डबा महिन्याला मोजून येतो. ओव्हनमध्ये पंख स्वतःच्याच चरबीत भाजून निघतात. हे मला पटलं. गोष्ट अशी, की कुरकुरीतपणा तेलातून येत नाही. पाणी जाण्यातून येतो. कातडी ओली आहे तोवर तिची उष्णता शंभर अंशांच्या वर फारशी चढत नाही, कारण सगळी धग पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. ती वाळली, की मग उष्णता चढते, आणि साधारण एकशे चाळीस अंशांच्या पुढे तो तांबूस रंग आणि भाजल्याचा वास भराभर धरायला लागतो. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावानं ओळखली जाते. भाकरीच्या पापुद्र्यावरचे तांबूस डाग हीही तीच क्रिया. आई रोज वीस-पंचवीस भाकऱ्यांवर ती घडवते. तिचं नाव कुठंच नाही.

तर कृती. दुकानात गेल्यावर पहिली अडचण कातडीची. "चाचा, किलोभर पंख द्या, कातडीसकट," म्हटल्यावर चाचांनी सुरी खाली ठेवली. "कातडीवालं कोन खातंय गं?" म्हणाले. पण त्यांच्याकडे पिसं काढायचं यंत्र होतं. गरम पाण्यात बुडवून त्यात फिरवलं, की कातडी शाबूत राहते. किलोभर पंख म्हणजे पाच-सहा कोंबड्यांचे झाले. आमच्या घरात रविवारी दोन पंख येतात. ती पिशवी हातात घेतल्यावर एकदम लक्षात आलं, की आईच्या वाट्याचे दीड महिन्याचे रविवार माझ्या हातात आहेत.

पंखांची टोकं कापून बाजूला काढावीत. ती टाकायची नाहीत. त्यांचं अळणी छान होतं आणि आजीला तेच लागतं. उरलेल्या भागाचे कोपराशी दोन तुकडे करावेत. मग स्वच्छ फडक्यानं ते टिपून-टिपून कोरडे करावेत. किलोला दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर आणि दीड चमचा मीठ चोळावं. खायचा सोडा घालायचा नाही, नाहीतर साबण खाल्ल्यासारखं लागतं. बेकिंग पावडरीनं कातडीतली प्रथिनं सैल होतात, बारीक बुडबुडे धरतात आणि रंग लवकर येतो. आईनं सवयीनं हळदीचा डबा पुढे केला आणि स्वतःच मागे घेतला. "क्षार लागला की हळद लाल पडती," म्हणाली. बाबांच्या सदऱ्यावरच्या हळदीला साबण लागला की डाग लाल होतो, हे ती रोज बघते. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना हे सांगितलं तर ते तिला शाबासकी देतील.

मग तुकडे जाळीवर सुटे मांडून, न झाकता, फ्रीजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवावेत. खालच्या अशासाठी, की कच्च्याचा थेंब दुसऱ्या कशावर पडू नये. रात्रभर ठेवले तर उत्तम. पण रविवारसाठी शनिवारीच कोंबडी आणायची म्हटल्यावर आजी उठूनच बसली. "मारुतीच्या वारी घरात कोंबडी आणतीस व्हय?" तेव्हा रविवारी सकाळी आठला आणून संध्याकाळी सातपर्यंत ठेवायचं ठरलं. दूध-दही वरच्या कप्प्यात गेलं. दहा-अकरा तासांत कातडी कागदासारखी कोरडी होते, तेवढं पुरतं.

ओव्हन आधी तापवून घ्यावा. जाळीवर पंख, खाली ट्रे, म्हणजे वितळलेली चरबी ट्रेमध्ये पडते आणि पंख तिच्यात भिजत नाहीत. पहिली तीस मिनिटं एकशे वीस अंशांवर, म्हणजे कातडीखालची चरबी सावकाश सुटते. मग दोनशे वीस अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. मध्ये एकदा उलटावेत. मसाला आधी लावायचा नाही, एवढ्या धगीत तो करपतो. बफेलोचे लोक शेवटी तिखट सॉस आणि लोण्यात घोळवतात. आमच्या घरी सॉस नव्हता, कांदा-लसूण मसाला होता. गरम लोण्यात दोन चमचे मसाला, वर लिंबू, त्यात पंख घालून पातेलं हलवलं. घरभर असा वास सुटला, की भाऊ पुस्तक टाकून आला. आजीनं पिंजऱ्याला पहिल्यांदाच "ओवन" म्हटलं.

पहिल्या संध्याकाळी काय झालं ते आता सांगते. रश्श्याची नेहमीची कोंबडीही होती. बाबा, भाऊ, आजी, मी बसलो. आई भाकऱ्या थापत होती. भावानं एक पंख उचलला, चावला, आणि कडकन आवाज झाला. "हे पंखच हायत?" बाबांनी विचारलं. जन्मात पंखाला हात न लावलेली माणसं पंख मोजून घेऊ लागली. आजीसुद्धा कातडीचा तुकडा हिरडीनं चघळत होती. आईसाठी चार तुकडे वाटीत काढून, वर ताटली झाकून ठेवले. सगळ्यांचं झाल्यावर, तवा उतरवून, ओटा पुसून आई सव्वानऊला जेवायला बसली. तिनं ताटली उचलली तेव्हा आतून पाणी निथळलं. पंख मऊ पडले होते. "चांगले झालेत," ती म्हणाली. आणि रश्श्याच्या पातेल्यात, आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच, दोन्ही तंगड्या उरल्या होत्या. कारण पंखांनीच सगळ्यांची पोटं भरली होती. आईनं त्या बाजूला काढून दुसऱ्या दिवशी बाबांच्या डब्यात भरल्या.

तेव्हा मला ते तिसरं सत्य नीट दिसलं. पंख नकोसे होते तोवर ते आईचे होते. ते हवेसे झाले आणि आमचे झाले. त्या दिवशी तंगडी उरली, तर तीही तिच्या तोंडी पडली नाही.

रात्री भांडी विसळताना मी विचारलं, "आई, तुला खरंच पंख आवडतात का गं?"

"आवडत्यात की," ती म्हणाली. मग परात हातात तशीच धरून थोडा वेळ थांबली. "म्हायेरी लई आवडायचे. जत्रेला आबा कोंबडं कापायचे. पिसं काढली की जाळावर होरपळायचे, हळद लावायचे. आम्ही पोरं भोवतीनं बसायचो. पंखाचं टोक भाजलं की तोडून एकेकाला द्यायचे. कडाकडा वाजायचं." परात तिनं पालथी घातली. "रश्श्यातल्याला ती मजा न्हाई."

म्हणजे आईला पंख आवडतात हे खोटं नव्हतं. तिला भाजलेला पंख आवडत होता. लग्नानंतरची एकवीस वर्षं तिला उकडलेला मिळाला. आवड तिची होती आणि सोय आमची झाली. आमच्या पुस्तकांत 'पसंती' नावाचं प्रकरण आहे. ग्राहक काय निवडतो त्यावरून त्याची पसंती ओळखावी, असं त्यात म्हटलं आहे. पण पळीच ज्याच्या हातात आहे आणि तरी जो सगळ्यांत शेवटी वाढून घेतो, त्याची पसंती कशावरून ओळखायची, हे मला त्या प्रकरणात सापडलं नाही.

मग मी पुन्हा त्या मऊ पडलेल्या पंखांचा विचार केला. कुरकुरीतपणा फार थोडा वेळ टिकतो. कातडी वाळलेली असली तरी आतलं मांस ओलं असतं. ती ओल हळूहळू बाहेर येते आणि पंधरा-वीस मिनिटांत कातडी नरम पडते. वर झाकण ठेवलं तर वाफ कोंडून हे आणखी लवकर होतं. आपल्याकडे झाकून ठेवणं म्हणजे माया. रात्री उशिरा येणाऱ्या बापासाठी, परीक्षेहून येणाऱ्या मुलासाठी, ताट झाकून ठेवतात. रस्सा, आमटी, पिठलं या मायेला जागतात. रस्सा तर मुरल्यावर जास्तच चांगला लागतो. तो आईसाठी दहा वाजेपर्यंत थांबतो. मला वाटतं, ज्या घरात स्वयंपाक करणारी बाई शेवटी जेवते, त्या घराला रश्श्यासारखा सोयीचा पदार्थ नाही. कुरकुरीत पंख मात्र कुणासाठी थांबत नाही. तो ज्याला खायचा त्यानं ओव्हन उघडेल तेव्हा ताटावर बसलेलं असायला हवं. एवढी एक अट त्यानं घातली, आणि तीच आमच्या घरात सगळ्यांत अवघड निघाली.

पुढच्या वेळी भाकऱ्या आधी झाल्या. फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवल्या. ओव्हनपाशी मी उभी राहिले आणि आईला ताटावर बसवलं. बसवलं म्हणजे खांद्याला धरून बसवलं. पाच ताटं एकदम मांडलेली बघून आजी काही बोलली नाही. पण तिनं आपलं ताट थोडं सरकवून घेतलं आणि सुनेला जागा केली. जाळी बाहेर काढून मी पहिले चार तुकडे आईच्या ताटात टाकले.

"अगं, ह्यांना दे आधी," आई म्हणाली.

बाबांनी भाकरी मोडता मोडता तिच्याकडे न बघता म्हटलं, "खा की. गार व्हतंय."

आईनं पंख उचलला. कडकन वाजलं. ती हसली की नाही ते मला दिसलं नाही, कारण मी दुसरा घाणा आत सरकवत होते. पण एक पंख संपवून तिनं लगेच दुसरा घेतला, हे पाहिलं. मग ती पाणी आणायला उठली. मग मीठ आणायला उठली. तिसऱ्यांदा तिनं जमिनीला हात टेकला तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "बस, मी आणतो." तांब्या कुठं असतो ते त्याला आईला विचारावं लागलं.

तेव्हापासून महिन्यातून एक रविवार आमच्याकडे पंखांचा असतो. बाकीचे रविवार रश्श्याचे, आणि रश्श्याच्या दिवशी आई अजून शेवटीच बसते. पळी अजून जुनाच कायदा पाळते. महिन्यातला एक दिवस म्हणजे फार नाही, हे मला समजतं. पुढेमागे मीही कुठल्या तरी घरात पळी धरेन, तेव्हा माझ्या आवडीबद्दल कोणतं सत्य सांगितलं जाईल, हा विचारही मनात येऊन जातो.

पाककृतींच्या शेवटी एक ओळ हमखास असते : गरमागरम वाढावे. कुणाला आधी, ते तिथं लिहिलेलं नसतं. ते ज्याचं त्यानं आपल्या घरी ठरवायचं असतं.